चूक माणसाची, माप परिस्थितीचं

(दृश्य: शेजारी शेजारी दोन सारखेच खटके)

हे दोन खटके नीट बघा. एकाने विमानाची चाकं आत जातात, दुसऱ्याने पंखांचे फ्लॅप मिटतात. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमान सुखरूप उतरायचं, वैमानिक फ्लॅप मिटायला हात घालायचा आणि चाकंच मिटायची. विमान पोटावर बसायचं. ठपका वैमानिकावर.

अल्फॉन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकाऐवजी खटके तपासले. चाकांच्या खटक्याला त्याने छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखं टोक. न बघताही बोटांना फरक कळू लागला आणि ती चूक थांबली.

पण परिस्थिती चुका नेमक्या किती वाढवते, हे आकड्यात सांगता येईल?

१९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये जेरेमी विल्यम्स यांनी माणसाच्या चुकीची शक्यता मोजणारी ‘हार्ट’ ही पद्धत मांडली. चुकीला खतपाणी घालणाऱ्या ३८ गोष्टी आणि प्रत्येकीचा कमाल गुणक, म्हणजे ती चूक जास्तीत जास्त किती पट वाढवू शकते तो आकडा.

(दृश्य: नियंत्रण कक्ष, भिंतीवरचं घड्याळ)

समजा, ऑपरेटर लेखी सूचनांप्रमाणे, खातरजमा करत यंत्रणा पूर्ववत करतोय. अशा कामाचा मूळ आकडा ०.००३, म्हणजे हजारात तीन चुका. आता वेळ अपुरा पडू द्या. त्याचा कमाल गुणक ११. त्यातला एक बाजूला ठेवायचा, टंचाई किती तीव्र आहे ते बघून उरलेल्या दहाचा, समजा, चार दशांश भाग धरायचा, मग तो एक परत मिळवायचा: पाचपट. तीनाच्या पंधरा झाल्या. त्यातच प्रसंग कधी न पाहिलेला असेल, तर कमाल १७. त्याच रीतीने उरलेल्या सोळाचा निम्माच भाग धरला तरी नऊपट. हजारात १३५! माणूस तोच, हात तेच.

मात्र ते ‘चार दशांश’ मूल्यमापन करणारा स्वतःच्या अंदाजाने ठरवतो. या पद्धतीची सगळ्यात नाजूक जागा हीच. दुपारी टेबलाशी बसून रात्रपाळीची धांदल कशी कळणार?

(दृश्य: पॅनेलवरचा विझलेला दिवा)

२८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. अणुभट्टीतला दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा दिवा विझला, म्हणजे व्हॉल्व्ह बंद झाला, असं ऑपरेटरांनी धरलं. दिवा सांगत होता एवढंच, की बंद होण्याचा आदेश सुटलाय. व्हॉल्व्ह दोन तासांहून जास्त वेळ उघडाच राहिला.

असला दिवा आराखड्यात खटकत नाही. तो रोज बघणाऱ्याच्या शेजारी, त्याच्या पाळीत उभं राहून विचारावं लागतं: हा विझला, की तुम्ही काय समजता?