अंतरपाट एकदाच दूर होतो

नमस्कार श्रोतेहो. मी लग्नांचं चित्रीकरण करतो. कुठल्या स्टुडिओत नोकरीला नाही. कॅमेरे माझे, कामाची जबाबदारीही माझीच.

'शुभमंगल सावधान' होतं, अंतरपाट सरतो, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते. नवरा-नवरीची पहिली नजर दोन-तीन सेकंदांत होऊन जाते. एका लग्नात नेमक्या त्याच वेळी वऱ्हाडातल्या कुणीतरी मोबाइल वर केला आणि माझ्या फ्रेममध्ये त्यांची पाठच आली. मुलीचे वडील म्हणाले, "दादा, गुरुजींना सांगतो, पुन्हा धरायला लावू." मी नाही म्हणालो. ते रागावले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. विधी मी पुन्हा करायला लावत नाही, हे मी त्यांना आधी सांगितलंच नव्हतं.

आता विसार घेण्याआधी मी घरी जाऊन बसतो. नवरा-नवरी हवेतच, पण घरात ज्यांचा शब्द चालतो ते काका, त्या आत्याही हव्यात. मांडवात सूचना त्यांच्याचकडून येतात. कुणी एखादं रील दाखवून म्हणतं, "अगदी असंच हवं." मी विचारतो, यातलं काय आवडलं? बहुतेकदा उत्तर येतं, स्लो मोशन. मग समजावतो. माझ्या फिल्ममध्ये सेकंदाला 25 चित्रं असतात. वेग निम्मा करायचा तर टिपतानाच 50 घ्यावी लागतात. मधली चित्रं नंतर संगणकावर बनवता येतात, पण उडत्या अक्षता त्यात विरघळल्यासारख्या दिसतात. म्हणून काय संथ हवं ते आजच ठरवू. सप्तपदी मात्र मी संथ करत नाही. तिथे मंत्रांचा आवाज तोडायला माझा हात धजावत नाही.

मर्यादा मलाही आहेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ती करून घेणाराच असतो. पाठवणीत रडणारी आई माझ्या जाहिरातीत दाखवायची तर आधी त्या घराला विचारायला हवं. मी लेखी विचारतो. बदल दोनदा करून देईन, हेही त्याच कागदावर.

मागच्या एका बैठकीत सगळ्यांचं बोलून झाल्यावर कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "बाळा, मी रडले तर तेवढं घेऊ नकोस." कागदावर तोवर माझ्याच अटी होत्या. त्यांच्या वर जागा करून मी आजींची लिहिली.