अंडं फिरवू नका

मंडळी, पहिल्याच खेपेला माझ्या हातून आठ जीव गेले, तिथूनच सुरुवात करतो. एका पडक्या घराचं जोतं जेसीबीने उकरताना धामणीची अंडी उघडी पडली होती. परत ठेवायला जागाच उरली नव्हती, म्हणून वनखात्याला कळवून, त्यांच्या परवानगीने मी ती घरी आणली. आजी खुडूक कोंबडी बसवायची ते लहानपणापासून पाहिलेलं. कोंबडी चोचीने अंडी खालीवर करते, मग मीही रोज सकाळ-संध्याकाळ ती फिरवली. तीन आठवड्यांत सगळी पिवळी पडून खचली. एक कापून पाहिलं. आत बोटाच्या पेराएवढं पिल्लू होतं, वेटोळं घातलेलं, मेलेलं.

कोंबडीच्या अंड्यात बलकाला दोन्ही टोकांनी धरून ठेवणारे पांढरे पीळ असतात. अंडं फोडताना तुम्ही ते पाहिले असतील. त्यामुळे अंडं फिरलं तरी बलक आत सावरून राहतो. सापाच्या अंड्यात ते पीळ नसतात. अंडं घातल्यावर एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतल्या पडद्याला धरून बसतो आणि तिथूनच हवा घेतो. तुम्ही अंडं उलटं केलंत की तो बलकाच्या भाराखाली जातो, गुदमरतो. म्हणून अंडी उचलण्याआधी प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने फुली मारा, आणि शेवटपर्यंत ती फुली वरच राहू द्या. अंडी एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवू नका, गठ्ठाच उचला.

बाकीचं सोपं आहे. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, दोन-चार बारीक भोकं, आत ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल किती? मूठ आवळली तर थेंब पडू नये, उघडली तर गोळा टिकावा. अंडी त्यात निम्मी रुतवायची. पाणी अंड्यांवर नाही, कडेच्या भुशात घालायचं. तापमान २८ ते ३० अंश. पावसाळ्यात आपल्याकडे अनेक घरांत ते आपोआपच मिळतं. थंडीत मात्र थर्मोस्टॅट हवा, कारण जास्त तापलं तर पिल्लं वाकड्या कण्याची निघतात. कवच चामड्यासारखं असतं, ओल शोषून अंडं फुगतं. खळगा पडला तर तहान लागली समजा. कडेने टॉर्च लावलात तर तांबड्या शिरांचं जाळं दिसतं. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली होती.

‘घोणशीची अंडी सापडली’ असे फोन दरवर्षी येतात. घोणस आणि फुरसं आपल्याकडे थेट पिल्लं घालतात, तेव्हा ती अंडी दुसऱ्या कुणाची तरी असतात. नागाची असतील तर जास्तच जपा: मादी बहुधा जवळपासच असते, आणि पिल्लू बाहेर पडताच विषारी असतं.

आणि हौस म्हणून हे कुणीही करू नका. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात शिकारीच्या व्याख्येतच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं, त्यांना धक्का लावणं येतं. जागा शाबूत असेल तर माती सारखी करून निघून यावं. मादीने निवडलेल्या जागेइतका चांगला डबा मला अजून जमलेला नाही.

दुसऱ्या खेपेची अकरा अंडी शेताच्या बांधातून आली होती. बावन्नाव्या दिवशी पहाटे एका कवचावर ब्लेडने ओढावी तशी चीर दिसली. पिल्लाच्या नाकाशी एक इवलासा दात असतो, त्याने ते कवच कापतं, आणि काही दिवसांत तो दात गळून पडतो. चिरेतून नाक आलं, माझी सावली पडताच आत गेलं. संध्याकाळपर्यंत नऊ अंडी चिरली होती. दोन शेवटपर्यंत तशीच राहिली.

चिरलेल्या नऊ अंड्यांतलं एक पिल्लू दुसऱ्या दिवशीही नुसतं तोंड बाहेर काढून बसलं होतं. कात्री हातात घेतली होती मी. पण उरलेला बलक पोटात ओढून घेतल्याशिवाय ते निघत नाही, आणि आपण कवच फाडलं तर नाळ तुटून रक्त जातं, हे ठाऊक होतं. कात्री ठेवली, डब्यावर कापड टाकलं. तिसऱ्या सकाळी कवच रिकामं होतं आणि जवळजवळ हातभर लांबीचं ते पिल्लू झाकणाच्या कडेला जीभ लावून भोक शोधत होतं.