बंब वळतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

१४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणाचा हा आठवडा. सिलिंडर कसा बंद करावा, वायरिंग कधी तपासावं, हे या दिवसांत तुम्ही पुष्कळ ऐकाल. मी बोलणार आहे बंबाच्या वळण्याबद्दल.

सोसायटीच्या सभेत आगीचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "आपली गल्ली किती फुटी?" बारा फुटी. बंब साधारण आठ-साडेआठ फुटी. मग काय, जाईल की! सरळ गल्लीत जाईलही. आरसे मिटून घ्यावे लागतील, दोन स्कूटर बाजूला उचलून ठेवाव्या लागतील, पण जाईल. बंब अडतो तो गल्लीच्या तोंडाशी, नाहीतर आतल्या काटकोनी वळणावर. तिथे गाडीची रुंदी दुय्यम ठरते. तिथे बघायची लांबी, आणि त्यातही पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर. याला व्हीलबेस म्हणतात.

चाळीच्या जिन्यावरून लोखंडी कपाट वर चढवताना ज्यांनी हात लावला असेल, त्यांना पुढचं सगळं आधीच कळलेलं आहे. कपाट जिन्यात मावतं, पायऱ्याही चढतं. भिंतीचा पोपडा निघतो तो जिन्याच्या वळणावर.

हाताशी कागद असेल तर थोडे आकडे लिहून घ्या. एक मोठा बंब घेऊ. रुंदी २.५ मीटर, व्हीलबेस ५ मीटर, आणि पुढच्या आसाच्या पुढे केबिनचं १.४ मीटर नाक. समजा, त्याचं पुढचं बाहेरचं चाक ९ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतंय. ९ मीटरच का, तर आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेने बंबाला वळायला तेवढी त्रिज्या ठेवायला सांगितली आहे. आता मागची चाकं. ती पुढच्या चाकांच्या मागोमाग त्याच रेषेवरून येत नाहीत, आत सरकतात. पायथागोरसाचा साधा हिशेब मांडला तर मागचं बाहेरचं चाक सुमारे साडेसात मीटरवर येतं आणि आतलं ५ मीटरवर. आणि नाकाचा बाहेरचा कोपरा? तो ९ मीटरच्याही बाहेर, जवळजवळ ९.८५ मीटरवरून फिरतो. म्हणजे अडीच मीटर रुंदीची गाडी वळताना पावणेपाच मीटरहून थोडा जास्तच रस्ता खाते. गाडीच्या रुंदीच्या जवळजवळ दुप्पट!

आता रुंदी तीच ठेवा, त्रिज्या तीच ठेवा आणि व्हीलबेस ३.८ मीटर करा. लागणारा पट्टा ४ मीटरवर येतो. शिवाय आखूड गाडी तेवढंच स्टिअरिंग कापून याहून लहान वर्तुळातही वळते, तो फायदा वेगळा. म्हणूनच मोठ्या शहरांची दलं मोठ्या बंबांच्या जोडीला मिनी वॉटर टेंडर, म्हणजे छोटे बंब, ठेवतात. त्यात पाणी कमी मावतं, हे खरं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. साडेचार हजार लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन नुसतं पाणी. ते पेलायला ट्रकची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, लागते, आणि चासी मोठी झाली की व्हीलबेस लांबतो. पाणी हवं की वळण हवं, ही ओढाताण प्रत्येक बंबाच्या आराखड्यात असते. माझं मत विचाराल तर जुन्या वस्तीच्या केंद्रावर आधी वळण बघावं. पाणी मागून टँकरने आणता येतं. गिरगाव-भुलेश्वरच्या गल्ल्या काय किंवा पुण्यातल्या पेठा काय, तिथल्या वाड्यांचे कोपरे कोणी सरकवून देणार नाही.

मागच्या टोकाचीही एक गंमत आहे. गंमत कसली, डोकेदुखीच. मागच्या आसाच्या मागे गाडी जितकी लांब, तितकं तिचं शेपूट वळताना उलट्या बाजूला फेकलं जातं. चालक डावीकडे वळवतोय आणि मागचा उजवा कोपरा उजवीकडच्या भिंतीकडे चाललाय. मघाच्याच बंबाला मागे ३ मीटरचं शेपूट लावलं तर ते सुमारे ५८ सेंटिमीटर बाहेर येतं. शेजारी उभ्या मोटारीचं दार चेपायला एवढं पुरे. उंच शिडीच्या गाड्यांना हा त्रास सर्वांत जास्त.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने शिडीच्या गाडीवर वापरलेला तोडगा मला फार आवडतो. चढ-उतारांचं शहर, अरुंद रस्ते. तिथल्या शिडीच्या गाड्या दोन तुकड्यांत असतात, पुढे ट्रॅक्टर आणि मागे शिडीचा लांब सांगाडा. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग, आणि ते धरायला मागे उंचावरच्या केबिनमध्ये दुसरा चालक. पुढचा डावीकडे वळला की मागचा आपली चाकं उजवीकडे कापतो, आणि पन्नास फुटांहून लांब गाडी कोपऱ्यावरून अलगद निघते. एका गाडीला दोन चालक! आपल्याकडे हा प्रस्ताव लेखा विभागात किती दिवस टिकेल, याची कल्पना करवत नाही.

जपानने उलटी वाट धरली. तिथल्या गल्लीबोळांसाठी अगदी छोट्या चासीवरचे बंब आहेत. स्वयंसेवक दलांकडे त्यावर सुटा पंप ठेवलेला असतो. गाडी जाईल तिथपर्यंत न्यायची, पुढे पंप उचलून चालत जायचं.

मग आपला मोठा बंब कोपऱ्यावर अडला की काय होतं? तो मुख्य रस्त्यावरच थांबतो आणि जवान होज, म्हणजे पाण्याचा पाइप, घेऊन धावतात. ६३ मिलिमीटर व्यासाच्या होजची एक लांबी १५ मीटर. आग १०० मीटर आत असेल तर सात लांब्या एकीला एक जोडत न्यायच्या. त्या नुसत्या भरायलाच सव्वातीनशे लिटरहून जास्त पाणी लागतं, आणि वाटेत घर्षणाने दाब उतरतो तो निराळा. होजवरून एखादी मोटारसायकल गेली की पुन्हा आरडाओरडा.

अशी एक मॉक ड्रिल मी जवळून पाहिली आहे. चालकाने पहिल्या कटात नाक आत घातलं. एक जवान मागच्या डाव्या टायरपाशी उभा, एक हात भिंतीवर, दुसरा हवेत. वरचा हात खाली आला की गाडी थांबायची. टायर आणि ओट्याची कड यांत चार बोटांचं अंतर उरलं होतं. मग रिव्हर्स, पुन्हा कट. शिट्टी, रिव्हर्स, कट. तिसऱ्या कटात गाडी वळली. टाळ्याही पडल्या. चालक मात्र खाली उतरून कोपऱ्यावर उभी असलेली एक मोटारसायकल बघत होता. ती तिथे नसती तर गाडी एका कटात वळली असती.

त्याचं बघणं बरोबर होतं. कारण गल्लीच्या मध्यावर लावलेली दुचाकी आणि आतल्या कोपऱ्यावर लावलेली दुचाकी यांचं नुकसान सारखं नसतं. मध्यावरची दुचाकी आपली जागा तेवढी अडवते. कोपऱ्यावरची मात्र मागच्या चाकांना आत सरकूच देत नाही, आणि सगळं वळणच बाहेर ढकलावं लागतं. बाहेर समोरच्या घराची भिंत. मांडवाचे वासे, कमानीचा खांब, वडापावची गाडी यांचीही तीच कथा. या सगळ्यांना कोपराच लागतो, कारण गिऱ्हाईक आणि नजर दोन्ही तिथे असतात.

नव्या इमारतींचं काय? उंच इमारतीभोवती ६ मीटरची मोकळी, पक्की जागा हवी आणि तिने ४५ टनांपर्यंतचा बंब पेलला पाहिजे, असं संहिता सांगते. कागदावर हे सगळं असतं. प्रत्यक्षात त्या ६ मीटरमध्ये पार्किंगचे पट्टे मारलेले दिसतात.

रविवारी सकाळी वेळ असेल तर खडू आणि १० मीटर दोरी घेऊन खाली उतरा. फाटकातून आत वळताना जो कोपरा लागतो, त्याच्यापासून वळणाच्या आतल्या बाजूला तिरकं ५ मीटर जाऊन तिथे दोरीचं एक टोक कोणाला तरी धरायला सांगा. ५ मीटरवर एक कमान काढा, ती कोपऱ्याला टेकेल. १० मीटरवर दुसरी. दोन कमानींमधला पट्टा मोठ्या बंबाचा. एका काटकोनापुरतं वळायचं असेल तर प्रत्यक्षात त्याला थोडं कमीही चालून जाईल, पण हिशेब सावधपणाचा बरा. मग त्या पट्ट्यात काय काय उभं आहे ते बघा. कुंड्या उचलता येतील. मोटारींच्या मालकांना विनंती करता येईल. सुरक्षारक्षकाची केबिन मात्र बहुधा सिमेंटची निघेल, आणि ती बांधायचा ठराव कोणाच्या काळात झाला यावर अर्धा तास चर्चा होईल.

नमस्कार.