क्षयाच्या कार्डावर साखरेचा आकडा

(दृश्य: आरोग्य केंद्राचं टेबल, बेडक्याच्या दोन डब्या)

एक डबी इथेच भरायची. दुसरी उद्या पहाटे, उठल्या उठल्या, खोल खोकून. नुसती लाळ चालत नाही. बेडका तपासणारं ट्रूनॅट यंत्र आपल्या गोव्यातल्याच मोलबायो कंपनीचं. जंतू आहेत का, ते साधारण तासाभरात कळतं.

क्षय निघाला, की त्याच दिवशी रक्तातली साखरही बघायलाच हवी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत गोव्यात 26.4 टक्के लोकांना मधुमेह आढळला, देशात सर्वाधिक. आणि मधुमेहात क्षयाचा धोका दोन ते तीन पट.

उपाशीपोटी 126 किंवा जास्त आली, तर प्रयोगशाळेत पुन्हा रक्त द्यायचं. क्षयाच्या तापानेही साखर चढते, म्हणून काही आठवड्यांनी फेरतपासणी हवीच.

(दृश्य: तळहातावर गोळ्या)

पन्नास किलोच्या रुग्णाला सुरुवातीला रोज अशा चार गोळ्या. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये. सांभाळायचं ते दुसरंच. या औषधाने यकृत ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांचा लवकर निचरा करतं. कालपर्यंत पुरणारी गोळी आता पुरत नाही. पथ्य पाळूनही साखर अडीचशेवर जाते आणि घरचे रुग्णालाच बोल लावतात, "चोरून गोड खाल्लं असशील." त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो! डोस डॉक्टरांनी बदलायचा असतो. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्याच गोळीवर हा परिणाम फारसा होत नाही. काहींना इन्सुलिन लागतं.

क्षयाच्याच गोळ्यांतल्या आयसोनियाझिडने तळपायाला मुंग्या येतात, मधुमेहानेही येतात. म्हणून सोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे ब6 जीवनसत्त्व. त्याच गोळ्यांतल्या एथाम्ब्युटॉलचा त्रास डोळ्यांना होऊ शकतो. मधुमेहाने डोळे आधीच अधू असतील, तर पुढे दोष कुणाचा ते कळत नाही. नजर सुरुवातीलाच तपासून घ्या.

साखरेच्या धास्तीने जेवण मात्र तोडू नका. क्षयात अंग झडतं. पेज थोडी, सोबत अंडं, मासळी, कुळीथ जास्त. पोषणासाठी निक्षय पोषण योजनेचे महिना 1000 रुपये मिळतात.

(दृश्य: रिकामं पाकीट, शेजारी ग्लुकोमीटर)

सहा महिन्यांनी क्षयाच्या गोळ्या थांबतात. साधारण दोन आठवड्यांत रिफाम्पिसिनचा परिणाम ओसरतो, पण मधुमेहाचा वाढवलेला डोस तसाच चालू राहतो. मग साखर एकदम उतरते: घाम, थरथर, कधी शुद्धही हरपते. म्हणून शेवटचं पाकीट संपायच्या आतच मधुमेहाच्या डॉक्टरांची तारीख घ्या, आणि ते दोन आठवडे घरी साखर मोजत राहा.