दारातल्या पायऱ्या मोजा

मंडळी, विषय छापलाय ‘शहराचा विकास आणि आपण’. तिकडे मी येणारच आहे, पण आधी माझ्या घराच्या पायऱ्यांवर बोलू द्या.

शहापुरातल्या आमच्या घराला तीन दगडी पायऱ्या होत्या. शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात आणि पलीकडचं बेळगाव 1947 पर्यंत इंग्रजांकडे, हे तुम्हाला मी सांगायला नको. घर त्या संस्थानी काळातलं. सणाला आई तिन्ही पायऱ्यांवर रांगोळी काढायची. आम्ही पोरं मधल्या पायरीवर बसून गोट्यांचा हिशेब करायचो. आज त्या घराला एकच पायरी आहे. बाकीच्या दोन कुणी उपटून नेल्या नाहीत, त्या जागच्या जागीच आहेत, रस्त्याखाली!

रस्ता दर वेळी जुन्यावरच चढला. आधी खडी, मग डांबर, डांबरावर डांबर आणि शेवटी काँक्रीट. जुना थर खरवडून काढायचा आणि मग नवा घालायचा, ही साधी रीत आहे. कामावरच्या मुकादमाला मी हात जोडून विचारलं, “बाबा, हे खरवडणार कधी?” तो म्हणाला, “काका, खरवडायचं बिलात नाही.” मंडळी, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. रस्ता चढला, पण घराचं जोतं कसं चढणार? जुलैत एका रात्री आईनं हाक मारली, “अरे ऊठ, सोप्यात पाणी आलंय.” पाणी गटाराचं होतं. धान्याचे डबे आम्ही खाटेवर चढवले. शेजारी यंत्रमाग आहे, त्याची मोटर खालच्या अंगालाच बसवलेली. ते बिचारे बापलेक पहाटेपर्यंत तांब्यांनी पाणी उपसत होते. पाणी ओसरल्यावर भिंतीवर जी रेघ उरली, ती मी खिळ्यानं कोरली. उंबऱ्यापासून सात इंच. अजून आहे, येऊन बघा.

तेव्हापासून मला नाद लागला. कुठल्याही गल्लीत गेलो की आधी पायऱ्या बघतो. खिडकीची चौकट रस्त्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर आली असेल, तर ती गल्ली किती वर चढली ते कुणाला विचारायची गरज नाही. परड्यातले आड बघतो. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आपण जपली, याचा मला अभिमान आहे. पण आपल्याच परड्यातल्या आडावर फरशी घालून वर वॉशिंग मशीन ठेवलं, त्याचं काय? पावसाचं थोडं पाणी तरी तो आड पोटात घेत होता.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाचच मिनिटं घेतो.

तर विकास. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आपलं नाव आलं, रस्ते रुंद झाले, दिवे आले. मला रस्ता हवा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण गल्लीतलं पाणी शेवटी जातं कुठं? बळ्ळारी नाल्यात. नाल्यात गाळ आणि जलपर्णी, काठाला भराव घालून पाडलेले प्लॉट. मग तो शहापूर-वडगावच्या शिवारात पसरतो. ज्या शिवाराच्या बासमतीचा वास एके काळी चुलीवरून गल्लीभर जायचा, तिथं लावलेला भात दिवस दिवस पाण्याखाली कुजतो आणि शेतकरी पुन्हा रोपं शोधत फिरतो. माझी बुडालेली पायरी आणि त्याचं बुडालेलं भात, दुखणं एकच आहे. पाण्याची वाट आपण बुजवली.

तक्रार करायला गेलं की पुरावा मागतात. आठवणीला तिथं किंमत नाही, मापाला आहे. म्हणून प्रत्येक गल्लीनं आपली मापं ठेवायची. पायऱ्या किती होत्या, किती उरल्या. आड उघडा की बुजलेला. पाणी कुठल्या तारखेला कुठवर चढलं. नवा रस्ता मंजूर झाला की काम सुरू व्हायच्या आधी ही वही घेऊन दहा जणांनी जायचं आणि खरवडण्याचं कलम बिलात घाला म्हणायचं. मराठी घर, कानडी घर असा भेद यात करू नका, पाणी दोघांच्याही सोप्यात येतं.

नाल्याच्या नकाशाबद्दल बोलायचं राहिलं, ते पुढच्या वेळी. दाराजवळच्या टेबलावर दोनशे पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवलंय. पहिल्या पानावर आमची गल्ली आहे. जाताना आपापल्या गल्लीचं नाव घाला, आणि उद्या टेप घेऊन दारात उभे राहा.