कोरीचा नर कुठला, मादी कुठली? वरून बघा!

[टेबलावर पांढरं उथळ भांडं, त्यात दोन कोरी मासे. कॅमेरा वरून.]

कोरी, म्हणजे कोरिडोरस, टाकीच्या तळाशी फिरणारा छोटा मिशीवाला मासा. घरी त्याची पिल्लं काढायची तर आधी नर-मादी ओळखता यायला हवेत. या दोघांकडे नीट बघा. बाजूनं नाही, असं वरून. हा एक सडपातळ, डोक्यापासून शेपटीपर्यंत निमुळता होत गेलेला. आणि ही दुसरी. छातीच्या परांच्या मागे दोन्ही अंगांनी फुगलेली, जरा लांबही. सडपातळ तो नर, गोलमटोल ती मादी.

झालं. खरं तर व्हिडिओ इथंच संपला. पण काचेतून बाजूनं बघत बसलात तर वर्षभर कळणार नाही, म्हणून ही भांड्याची भानगड. आणि हो, जाळीनं पकडू नका. कोरीच्या पाठीवर आणि छातीच्या परांत काटे असतात, ते जाळीत असे अडकतात की मासा सोडवताना आपल्यालाच घाम फुटतो. सरळ वाटीनं उचला.

[कॅमेरा समोर.]

आता एक सल्ला. ‘जोडी द्या’ म्हणून दोन मासे आणू नका. पिल्लं असतात तेव्हा देणाऱ्यालाही नर-मादी ओळखता येत नाही. एकाच जातीची सहा-सात पिल्लं घ्या आणि वर्षभर वाढवा. कोरी थव्यात राहणारा मासा आहे, दोघंच ठेवलीत तर कोपऱ्यात दबून बसतात. एका मादीमागे दोन नर असले तर उत्तम. जात कुठली? पहिल्यांदा पिल्लं काढताय तर ब्राँझ नाहीतर पेपर्ड. 2024 मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची फेरमांडणी केली, त्यात या दोघांचं ‘कोरिडोरस’ हे नावच गेलं. पण आपण कोरीच म्हणू, माशांची काही हरकत दिसत नाही.

मादी अंड्यांनी भरलेली आहे, तरी अंडी देत नाही. मग काय? पाऊस पाडायचा!

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांना पावसाचं गार पाणी येऊन मिळतं, तोच या माशांचा विणीचा इशारा. आपल्या टाकीत तो द्यायचा कसा? आधी आठ-दहा दिवस खुराक वाढवा. ब्लडवर्म म्हणजे लाल अळ्या, आर्टिमिया म्हणजे बारीक कोळंबीसारखे जीव, जे ताजं किंवा गोठवलेलं मिळेल ते. मग एका संध्याकाळी निम्मं पाणी काढा आणि टाकीपेक्षा तीन-चार अंशांनी गार, क्लोरीन घालवलेलं पाणी हळूहळू भरा. बर्फ बिर्फ टाकू नका, प्लीज. हवेचा पंप जोरात सोडा. दुसऱ्या दिवशी काही दिसलं नाही तर पुन्हा हेच. बाहेर खरंच पाऊस पडत असेल आणि हवेचा दाब उतरला असेल, तर बऱ्याचदा काम सोपं होतं.

[टाकीजवळ, काचेवर क्लोजअप.]

मग जे सुरू होतं ते बघण्यासारखं असतं. नर मादीच्या मागे पळत सुटतात. एक नर आडवा होतो, मादी त्याच्या पोटाशी तोंड लावते, दोघं मिळून टी अक्षरासारखे दिसतात. तेवढ्यात ती पोटाच्या परांची ओंजळ करते आणि त्यात दोन-चार अंडी सोडते. मग ती ओंजळ सांभाळत काचेपाशी येते, जागा चाटूनपुसून साफ करते आणि अंडी चिकटवते. पुन्हा नराकडे. असं तासन्‌तास.

तोंड का लावते? 1995 मध्ये ब्राँझ कोरीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मादीच्या तोंडाशी निळा रंग सोडला, तर काही सेकंदांत तो तिच्या मागच्या बाजूनं बाहेर पडला. म्हणजे ती नराचे शुक्राणू गिळते, ते आतड्यातून झपकन पुढं जातात आणि ओंजळीतल्या अंड्यांवर पडतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

विणून झाली की आई-बाप अंडी विसरतात. विसरतात म्हणजे, खातात. माझी पहिली खेप अशीच गेली. रात्री काच मण्यांनी भरलेली, मी म्हटलं सकाळी काढू. सकाळी काच लख्ख!

म्हणून त्याच दिवशी काढा. तासाभरात अंड्याचं कवच कडक होतं. बोटानं हळूच लोटलं की ते सुटतं, फुटत नाही. हे बघा, बोटालाच चिकटून आलं. टाकीतलंच पाणी घेतलेल्या डब्यात ठेवा, एअर स्टोन (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) मंद सोडा, आणि बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लू या औषधाचे थोडे थेंब, पाणी फिकट निळं दिसेल इतपत. पांढरी पडलेली अंडी रोज उचलून टाका, नाहीतर त्यांची बुरशी शेजारच्यांना धरते.

तीन ते पाच दिवसांत पिल्लं बाहेर येतात. पुढचे दोन दिवस पोटातल्या पिवळ्या बलकावर भागतं, तेव्हा काही घालू नका. मग ताजी फुटलेली आर्टिमिया नाहीतर मायक्रोवर्म, म्हणजे अगदी बारीक कृमी. पिल्लं उपासमारीपेक्षा तळाशी कुजलेल्या अन्नानं जास्त मरतात. बारीक नळीनं रोज तळ ओढून घ्या.

आणि सकर, म्हणजे तोंडानं काचेला चिकटणारा मासा? काच चाटणारा मोठा प्लेको घरच्या टाकीत विणत नाही, तो फूटभर वाढून तुमचीच टाकी अपुरी पाडतो. घरी पिल्लं काढायची तर ब्रिसलनोज, हा त्याचाच लहान भाऊबंद. त्यात नर ओळखायला भांडंही लागत नाही, थोबाडावर फांद्या फुटल्यासारखी मिशांची झाडी असते ती नराची. मादीच्या ओठाकाठी फार तर चार-दोन आखूड केस. नराला त्याच्या अंगाएवढी अरुंद गुहा आणि चावायला लाकडाचा तुकडा द्या. इथं अंडी काढायची घाई नाही. नारिंगी गुच्छ पोटाखाली घेऊन बाप गुहेत बसतो, परांनी वारा घालत, पिल्लं बाहेर पडेपर्यंत. तुम्ही फक्त टॉर्च मारून त्याला सतावू नका.