हॉर्न वाजेना? आधी कान लावा

नमस्कार, श्रोतेहो. भर पावसात त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरीला जाऊन यावं, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढावी, गल्लीच्या तोंडाशी हॉर्न दाबावा आणि आवाजच येऊ नये! अशा वेळी बरेचजण थेट नवा हॉर्न बसवून मोकळे होतात. कधीकधी तोही वाजत नाही, आणि खरा शोध तिथून सुरू होतो. आज आपण तो शोध आधी घेऊ, पाकीट नंतर उघडू.

आपण स्टिअरिंगवर जे बटण दाबतो, त्यातून हॉर्नचा सगळा करंट जात नाही. बहुतेक गाड्यांत ते बटण फक्त रिलेला इशारा देतं. रिले म्हणजे फ्यूजबॉक्समधली ती चौकोनी डबी. इशारा मिळाला की ती आतला संपर्क जोडते आणि बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट पुढे जाळीमागच्या हॉर्नपर्यंत जातो. संपर्क जोडला जाताना डबीतून ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. आपल्याला ऐकायचाय तो हाच.

इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा, पंखा-रेडिओ बंद करा. हो, आमचा कार्यक्रमसुद्धा, दोन मिनिटं चालेल. घरातल्या कुणाला तरी हॉर्न दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून फ्यूजबॉक्सला कान लावा. काही गाड्यांत ही डबी डॅशबोर्डखाली असते, आणि काही नव्या गाड्यांत ती सर्किटवरच पक्की बसवलेली असते. ती उपटायच्या भानगडीत पडू नका.

टक् ऐकू आलं, तर स्टिअरिंगपासून रिलेपर्यंतचा रस्ता मोकळा आहे असं समजा. नाहीच आलं, तर आधी फ्यूज पाहा. कोणता फ्यूज हॉर्नचा, ते झाकणाच्या आतल्या चित्रात दिलेलं असतं. फ्यूजमधली तार तुटलेली दिसली तर त्याच आकड्याचा नवा घाला, १५ अँपिअरचा असेल तर १५ चाच. तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट झालीय. तिथे ३० चा ठोकून गाडी ‘चालू करून देणारे’ महाभाग भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार करा, कारण पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरच पेटेल.

फ्यूज ठीक असेल, तर त्याच फ्यूजबॉक्समधला हुबेहूब तसाच दुसरा रिले, म्हणजे तोच नंबर आणि तेवढेच पाय असलेला, घटकाभर हॉर्नच्या जागी लावून बघा. हॉर्न वाजला तर दोष रिलेचा.

आता टक् येतंय पण हॉर्न गप्प आहे, असं धरू. पावसाळ्यात शंका घ्यायची ती इथे. हॉर्न पुढच्या जाळीमागे, अगदी खाली असतो. रस्त्यावरचा चिखल आणि वॉशिंगच्या पाइपाचं जोरदार पाणी पहिलं त्याच्याच अंगावर येतं. त्याचा कपलर, म्हणजे वायरी हॉर्नला जोडणारा प्लग, काढून बघा. पितळी पिनेवर हिरवट-पांढरी भुकटी धरलेली दिसली, तर पॉलिश पेपरने ती हलक्या हाताने घासा. मग टेस्ट लॅम्पचा, म्हणजे करंट तपासायच्या छोट्या दिव्याचा, चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, टोक कपलरच्या करंटच्या पिनेला टेकवा आणि हॉर्न दाबायला सांगा. दिवा लागला म्हणजे करंट तिथवर पोचतोय. उरलं काय? एक तर हॉर्न, नाहीतर त्याची अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट.

या दोघांतला फरक एका वायरच्या तुकड्याने कळतो. कपलर परत लावा, हॉर्नच्या अर्थिंगच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ती वायर जोडा आणि हॉर्न दाबायला सांगा. एकाच वायरचा हॉर्न असेल, तर त्याची अर्थिंग हॉर्न ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो तिच्यातूनच मिळते, म्हणून वायर पट्टीला लावा. वाजला? मग नवा हॉर्न नको. बोल्ट खोला, पट्टीखालचा गंज घासा, घट्ट आवळा. नाहीच वाजला, तर हॉर्न गेला असं खुशाल म्हणा. आतला पडदा सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो, त्यात पाणी शिरून गंज धरला की तो अडकतो. पान्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारल्यावर कधीकधी सुटतो, पण त्याच्या भरवशावर महिना काढू नका.

आवाज येतोय पण किरटा, असं असेल तर दोन हॉर्नांपैकी एक बंद पडला असण्याची शक्यता मोठी. आणि इंजिन चालू असताना दमदार, बंद असताना मरगळलेला असेल, तर आधी बॅटरी तपासून घ्या.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. स्टिअरिंग एका बाजूला वळवलं की हॉर्न वाजतो, सरळ केलं की नाही, आणि जोडीला डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलाय. हे क्लॉक स्प्रिंगचं लक्षण आहे. स्टिअरिंगच्या आत गुंडाळलेली ती पट्टी हॉर्न आणि एअरबॅग दोन्हींचे संदेश नेते. इथे घरगुती खटपट नको. एअरबॅग काढण्याआधी बॅटरी सोडवावी लागते आणि थोडं थांबावं लागतं, ते काम जाणकारालाच करू द्या.

दुरुस्ती झाल्यावर वाजवून बघताना जागेचं भान असू द्या. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो, आणि मोटार वाहन कायद्यानुसार विनाकारण हॉर्न वाजवल्याबद्दल पहिल्या खेपेला १००० रुपये दंड आहे. प्रेशर हॉर्न लावून मिरवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि नांदुरीहून सप्तशृंग गडाचा घाट चढताना मध्येच हॉर्न बंद पडला तर? दिवसा असो वा रात्री, लाइट चालू ठेवा, आंधळ्या वळणाआधी दोनदा डिपर मारा, काच खाली करून समोरच्या गाडीचा आवाज घ्या, आणि वळणावर ओव्हरटेकचा विचारही नको. गडावर पोचल्यावर, पार्किंगमध्ये, कपलर काढून बघायला भरपूर वेळ आहे. नमस्कार.